अंजनाला पोसतं कोण?

१

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी माझ्या कपाटातल्या दोन फायलींत एकच बाई सापडली. दोन्ही फायलींत ती दोन्ही पायांनी अधू होती, दोन्ही फायलींत तिला तिचा भाऊ पोसत होता, आणि दोन्ही फायलींतला भाऊ वेगळा होता.

मी धरमचंद. मंचरच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देतो. माणूस देवाशी खोटं कसं बोलतो ते मला माहीत नाही, पण खात्याशी कसं बोलतो ते पाठ आहे. तरीही ही भानगड माझ्याच दुकानात झाली. धाकट्या सुदर्शनचा फॉर्म माझ्या मुलानं, विपुलनं, पुण्यात बसून भरला. थोरल्या सुभाषचा मी भरला. बापाला लेकाचं ठाऊक नाही, लेकाला बापाचं. खात्याच्या कॉम्प्युटरला मात्र दोघांचं ठाऊक. त्यानं एकाच दिवशी दोघा भावांना मेसेज धाडले: एकाच दिव्यांग व्यक्तीवर दोघांनी वजावट मागितली आहे, एकतीस डिसेंबरच्या आत दुरुस्त करा.

कायदा तसा सोपा आहे. अपंग भावंडाचा सांभाळ करणाऱ्याला करातून वजावट मिळते. अपंगत्व ऐंशी टक्क्यांच्या वर असेल, तर सव्वा लाखाची. अट एकच, ते भावंड त्याच्यावर 'पूर्णपणे किंवा मुख्यत्वे' अवलंबून पाहिजे. मुख्यत्वे म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. माझी पट्टी अशी: वर्षाच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार ज्याच्या खिशावर, तो पोशिंदा. आणि एका बाईच्या खर्चाचे दोन मोठे निम्मे होत नाहीत.

दोघे भाऊ दुपारी एकदमच जिना चढून आले. सुदर्शनच्या हातात बॅग, सुभाषच्या हातात टाइप केलेला स्टँपपेपर.

"हे काय?" मी विचारलं.

"हक्कसोड," सुभाष म्हणाला. "आक्काचा एक एकर. निमगाव सावाच्या रस्त्याला लागून हाय. ज्याच्याकडं ती ऱ्हाणार, त्याच्या नावावर ती सोडून देणार."

कागदावर सगळं छापून तयार होतं. बहीण अंजना हौशीराम आपला वाटा राजीखुशीनं सोडत आहे. फक्त कुणासाठी, ती जागा कोरी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "शेठ, अंजना बोलतीय. दोघं आलेत न्हवं तिथं? त्यांच्यासमोर ऐका. ज्याच्या खर्चानं मी जगते असं तुमचा हिशेब म्हणंल, त्याच्या नावावर सही करते. मग घर सोडून त्याच्या दारात जाऊन पडते. पर हिशेब तुमी करायचा. आणि सबंध वर्साचा करायचा."

"वर्षाचा खर्च किती तुमचा?"

"एक लाख चव्वेचाळीस हजार. लिहून ठेवलाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बहिणीचा एकर कुणाला जाणार, ते आता माझ्या बेरजेवर आलं होतं.

२

दोघांना वेगवेगळं बसवलं. आधी सुदर्शन. अवसरी खुर्दला बंगला, चाकणच्या एका कंपनीत स्टोअरकीपर, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"मी दरमहा तीन हजार पाठवतो ताईला," तो म्हणाला आणि बँकेच्या उताऱ्याची पानं पुढे सरकवली. "फोनवरून थेट तिच्या खात्यात. एक महिना चुकवला नाही."

मी पानं मोजली, मग नोंदी मोजल्या. प्रत्येक नोंद दहा तारखेची.

"पगार कधी होतो तुमचा?"

"एक तारखेला. का?"

"सहज. अकरा नोंदी दिसतायत. नोव्हेंबरचं पान नाही यात."

"असं का? प्रिंटरनं खाल्लं असेल. अकरा काय न् बारा काय, शेठ. भाऊ देतो हे तर दिसतंय ना?"

"दिसतंय. बाकी घरखर्च जोरात असेल तुमचा."

"तसा नाही. गहू-बाजरी विकत घ्यावी लागत नाही. माझ्याही नावावर गावाकडं एक एकर आहे, दादाच कसतो. त्याची सहा पोती येतात अक्षय तृतीयेला." मग त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवला. "एक सांगू का? कुठं बोलू नका. गेणभाऊ नावाचा एक टेंपोवाला आहे बेल्ह्याकडचा. दोन दिवसांआड ताईच्या दारात त्याचा टेंपो उभा असतो. काहीतरी उतरवतो, काहीतरी घेऊन जातो. गावात चर्चा आहे. म्हणून म्हणतो, ती माझ्याकडं आलेली बरी."

माझी बायको सज्जनबाई चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता तिनं ती पानं नजरेखालून घातली. बाजारपेठेतली बायको आहे, उलटा ठेवलेला कागदही वाचते.

सुदर्शन गेल्यावर म्हणाली, "अहो, भाऊबीज कोणत्या महिन्यात होती त्या वर्षी?"

"नोव्हेंबरात. का गं?"

"अकरा महिने बहिणीला पैसे पाठवणारा भाऊ नेमका भाऊबीजेच्या महिन्यात विसरतो?" तिनं कप उचलले. "असला भाऊ मी तरी पाहिला नाही."

३

सुभाष आला तो बसायच्या आधीच तापलेला.

"शेठ, आमी काय बहिणीला धान्य घालून पावती घ्यावी का? चार पोती बाजरी, दोन पोती गहू. दरसालाला. पाऊस पडो न पडो. दोन सालाखाली बाजरी हातची गेली, तवाबी बाजारातून इकत आणून घातली तिच्या दारात."

"तुमच्या घरात त्या वर्षी काय खाल्लं?"

"आमी? आमी रेशनचं खाल्लं की राव."

घरात रेशनचं आणि बहिणीला विकतचं. असं कुणी सांगितलं की ऐकणारा विरघळतो. मी विरघळत नाही. मी फक्त वहीत लिहिलं: सहा पोती, कमी नाही, जास्त नाही.

"आणि ती दिवसभर करते काय?"

"काय करणार? बसून असती. पायच न्हाईत."

मी त्याची फाईल उघडली. शेतीखेरीज त्यात एक उत्पन्न होतं. हौशीराम मोटार रिवायंडिंग, निमगाव सावा. विहिरीवरच्या जळक्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं दुकान. वडिलांचंच नाव, आता सुभाषच्या विवरणपत्रात. तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या कर्जाला रिटर्न पाहिजे म्हणून आला होता, तेव्हा त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं.

"दुकान बरं चालतंय. सहा लाखांच्या आसपास निव्वळ."

"वडलांची कृपा."

"आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटार जळालीय हो, सुभाषभाऊ. पाच एचपीची. तार किती लागेल भरायला?"

त्यानं छताकडं पाहिलं. "लागंल की... पंधरा-वीस मीटर."

"बरं," मी म्हणालो, आणि पेन जरा जास्तच वेळ टोपणात घालत बसलो. त्याचे हात टेबलावर होते. शेतकऱ्याचे हात, भेगांत माती. दुसरं काहीच नाही.

तो गेला आणि मी बेरीज मांडली. सुदर्शनचे अकरा महिन्यांचे तेहतीस हजार. सुभाषच्या सहा पोत्यांची बाजारभावानं किंमत सतरा हजार. दोघांचा शब्दन् शब्द खरा धरला तरी पन्नास हजार. बाईचा खर्च एक लाख चव्वेचाळीस हजार.

मग उरलेले चौऱ्याण्णव हजार घालणारा तिसरा माणूस कोण?

४

बुधवारी सकाळी निमगाव सावाला गेलो. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्या, दारात बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर. शेडवर उन्हानं उडालेली पाटी: हौशीराम मोटार रिवायंडिंग. समोर एक टेंपो उभा आणि साठीचा एक गडी त्यातून पोतं खाली घेत होता.

"गेणभाऊ का?" मी विचारलं.

"व्हय. पावणं कुठलं?"

"मंचरचा. पोत्यात काय?"

"आपलं हाय काहीतरी," असं म्हणून तो पोतं आत ठेवून आला आणि टेंपो घेऊन निघून गेला. पोतं ठेवताना जो आवाज झाला, तो धान्याचा नव्हता.

आतून हाक आली. "या शेठ. माठ तिथंय, हातानं घ्या. मी उठून पानी देईन म्हणून बसाल तर तहानेनं मराल."

अंजनाताई जमिनीलगतच्या रुंद पाटावर बसल्या होत्या. सत्तेचाळीस वय, दंड पैलवानासारखे. बोटांच्या नखांत काळा-तपकिरी डाग, साबणानं न जाणारा. खोलीत व्हार्निशचा वास. भिंतीशी काटा आणि त्याच्या तागडीत तांबूस काहीतरी चमकत होतं. कोपऱ्यात पाच-सहा मोटारी ओळीनं, प्रत्येकीवर खडूनं मालकाचं नाव. शेवटच्या मोटारीवर लिहिलं होतं, 'सुभाष'.

मी ते सगळं पाहतोय हे त्या पाहत होत्या.

"ताई, सरळ सांगून का टाकत नाही?"

"वीस वर्सं सांगतीय की. माझं त्यांना ऐकूच येत न्हाई." त्यांनी पाटाखालून पासबुक काढलं. "बहीण बोलली तर कुरकुर. तुमच्यासारख्यानं कागदावरनं वाचून दाखवलं तर तो हिशेब. तवा तुमीच शोधा, तुमीच वाचा."

"आणि माझा हिशेब चुकला तर?"

त्या हसल्या नाहीत. "तर सही करावी लागंल. तोंडातनं शब्द गेलाय माझ्या."

मी पासबुक उघडलं. एप्रिलची दहा तारीख. मेची दहा. जूनची दहा. सुदर्शनचे तीन हजार होतेच, पण ते एकटे नव्हते. मग नोव्हेंबरच्या दहा तारखेवर बोट ठेवलं आणि मला इतक्या मोठ्यानं हसू आलं की माठातून घेतलेलं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"उद्याच दोघांना इथं बोलवा," मी म्हणालो. "आणि तो स्टँपपेपर घेऊन यायला सांगा."

५

गुरुवारी दुपारी दोघे भाऊ शेडात खाटेवर बसले, दोघांमध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून. सज्जनबाई माझ्याबरोबर हट्टानं आली होती. "नोव्हेंबरचं मला कळल्याशिवाय भात शिजायचा नाही," असं तिचं म्हणणं.

"आधी सुदर्शन," मी सुरुवात केली. "दर महिन्याच्या दहा तारखेला तीन हजार. पगार एक तारखेचा आणि बहिणीची आठवण दहा तारखेची, तेव्हाच मला खटकलं. ताईंच्या पासबुकात त्याच दहा तारखेला आणखी दहा जणांचे तीन-तीन हजार येतात. बेल्ह्याचा दुकानदार, साकोरीची शिक्षिका, खुद्द गेणभाऊ. आता इतक्या सगळ्यांची ही बहीण आहे का?"

सुदर्शननं पेनांशी चाळा सुरू केला.

"ही भिशी आहे. बारा जणांची, पाडव्याला सुरू झालेली, ताई चालवतात. तुमच्या घरातून तुमच्या बायकोचा, आरतीचा नंबर आहे आणि हप्ता तुमच्या फोनवरून जातो. ज्याचा नंबर लागेल त्यानं त्या महिन्यात हप्ता द्यायचा नाही, बाकी अकरा जणांचे तेहतीस हजार उचलायचे. तुमचा नंबर लागला नोव्हेंबरात. ते पान प्रिंटरनं खाल्लं नाही, तुम्ही खाल्लंत. त्या पानावर बहिणीकडून तेहतीस हजार तुमच्याकडं आले होते. अकरा वेळा तीन म्हणजे तेहतीस. जेवढे गेले तेवढे परत. बहिणीच्या पोटात त्यातला रुपया गेला नाही."

"बघा!" सज्जनबाई म्हणाली. "तरी म्हटलं, भाऊबीजेला कसा विसरला."

सुभाषनं मांडीवर थाप मारली. "मी म्हणत व्हतो की न्हाई? ह्यो लबाडच हाय! धान्य मी घालतो."

"घालता ना. सहा पोती. दुष्काळात सहा, सुकाळात सहा. सुभाषभाऊ, देणगी पावसाप्रमाणं कमीजास्त होते. न हलणारा आकडा एकाच गोष्टीचा असतो: खंडाचा. ताईंचा एकर तुम्ही कसता, आणि त्या एकराबद्दल अक्षय तृतीयेला सहा पोती देता. पिको न पिको, ठरलेलं द्यायचं, म्हणून बाजरी विकत आणलीत. हे मला सांगितलं कुणी? सुदर्शननं. त्यालाही त्याच्या एकराची सहाच पोती येतात."

"मग?"

"मग सहा पोत्यांनी माणूस पोसला जात असेल, तर सुदर्शनलासुद्धा तुम्हीच पोसताय. त्याचीही वजावट मागायची का? पायांनी धड आहे, एवढीच अडचण."

अंजनाताईंचे खांदे हलायला लागले. हसू दाबत होत्या.

"म्हंजी कुणीच पोसत न्हाई म्हणता?" सुभाष उठला. "मग हवा खाऊन जगती व्हय ती? गेणभाऊच असंल!"

"गेणभाऊचं पोतं सोडा आणि आत बघा."

तो हलला नाही. मीच सोडलं. आत दोन जळक्या मोटारी होत्या, खडूनं बेल्ह्याच्या शेतकऱ्यांची नावं लिहिलेल्या.

"तो जळकी मोटार आणतो, भरलेली घेऊन जातो. मोटार भरतं कोण? तुमच्या विवरणपत्रात लिहिलंय, तुम्ही. पण तुम्ही मला तार मीटरनं सांगितलीत. मी बाजारपेठेत जन्मलो, तांब्याची तार मीटरनं मागणारं गिऱ्हाईक अजून पाहिलं नाही. ती काट्यावर जाते, किलोत. ताई, पाच एचपीला किती?"

"मोटारीचा घाट बघून सांगते," ताई म्हणाल्या. "पर अडीच-तीन किलो धरा."

"आणि हे हात बघा." ताईंनी दोन्ही हात पुढे केले. व्हार्निशचे डाग दहाच्या दहा नखांत. "सुभाषभाऊ, तुमचे दाखवा."

त्यानं हात पाठीमागं घेतले.

"ती दिवसभर बसून असते म्हणालात. खरं बोललात. बसूनच हे काम होतं. वडिलांनी शिकवलं, वीस वर्षं ती करतेय, आणि पाटीवर बापाचं नाव असल्यामुळं कमाई कुणाची हे कुणी विचारलंच नाही. मीही विचारलं नाही, ती चूक माझी." हे म्हणताना मला बरं वाटलं नाही, पण हिशेबात आपलीही बाजू मांडावी लागते. "चौऱ्याण्णव हजार नव्हे, सगळेच्या सगळे एक लाख चव्वेचाळीस हजार तिचे स्वतःचे आहेत. खंड तिच्या जमिनीचा, बाकी तिच्या तारेचा. आता खरी गंमत ऐका. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी तुम्ही बहिणीची कमाई स्वतःची म्हणून दाखवलीत. त्या कमाईवर कर बसला. तो कर कमी करायला त्याच बहिणीला आश्रित दाखवलंत!"

खाटेवरची मधली जागा आता आणखी रुंद झाली. सुदर्शन दादाकडं पाहत होता, दादा त्या मोटारीकडं, जिच्यावर त्याचंच नाव होतं.

"आक्का," शेवटी तो म्हणाला, "तू कधी बोलली न्हाईस."

"बोलले व्हते. ह्याच मोटारीच्या येळी. म्हणले, चौथ्यांदा भरतीय, तारेचे तरी पैसे दे. तू म्हणलास, बहिणीनं भावाला बिल लावायचं का?"

६

"आता निकाल," मी म्हणालो. "एकतीस तारखेच्या आत दोघांनी विवरणपत्रं दुरुस्त करायची, सव्वा लाखाची वजावट काढायची, कर आणि व्याज भरायचं. सुभाषभाऊंनी दुकानाचं उत्पन्नही काढायचं आणि बँकेला काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं. ते उत्पन्न ताईंच्या नावानं जाईल. या वर्षी उशीर झालाय, लेट फी पडेल, पण नव्या पद्धतीत कर शून्य. पुढच्या वर्षी मुदतीत भरलं, तर स्वतःच्या अपंगत्वाबद्दल सव्वा लाखाची वजावट ताई स्वतः मागू शकतात. कायद्यात तसं कलम आहे. जी माणसं स्वतः कमावतात त्यांच्यासाठी."

"म्हंजी ते सव्वा लाख माझंच व्हतं?" ताईंनी विचारलं.

"तुमचंच."

"लेट फी कोण भरणार?" सुदर्शन चाचरत म्हणाला. "मी भरू का, ताई?"

"खबरदार," ताई म्हणाल्या. "परत पोसाया लागशील मला."

सज्जनबाईला इतका वेळ दाबलेलं हसू आवरेना. तिचं बघून मला, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, सुदर्शनलाही. सुभाष तेवढा खाली बघत होता.

"आता माझा शब्द," ताई म्हणाल्या. "सही करते म्हणले व्हते. आण तो कागद."

शेडातलं हसू थांबलं. सुभाषनं स्टँपपेपर पुढे केला. ताईंनी तो पाटावर सरळ केला. 'कुणासाठी' ती कोरी जागा तशीच होती.

"शेठ, हितं कुणाचं नाव येतंय तुमच्या हिशेबानं?"

"ज्याच्या खर्चानं तुम्ही जगता त्याचं. अंजना हौशीराम."

"पर जमीन तर तिच्याच नावावर हाय."

"म्हणून या कागदाला काम उरलेलं नाही."

"पाचशे रुपयांचा कागद," ताई म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचा?"

त्यांनी तो पालथा केला. कानामागचं पेन काढलं आणि कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहायला लागल्या. मी वाकून वाचलं. सुभाष हौशीराम, निमगाव सावा. पाच एचपी मोटार. तार दोन किलो आठशे. व्हार्निश. मजुरी. प्रत्येक ओळीपुढं आकडा, खाली बेरीज. बेरीज माझ्यापेक्षा वेगानं झाली आणि बरोबर होती.

मग त्यांनी खाली, जिथं शिक्का मारतात तिथं, शब्दाला जागून ठसठशीत सही केली आणि कागद भावाच्या हातात दिला.

"पैसं आण," त्या म्हणाल्या, "आणि मोटार घिऊन जा. विहिरीला पानी हाय, पीक वाळंल."

सुभाषनं बिल दोनदा वाचलं. मग खिशात हात घातला.